सांध्यांचा सदका आणि अबुल कासिम अज्-जहरावी

वाचकहो, फजरच्या नमाजासाठी आपण अंथरुणावरून उठता, वुजू करता, रुकूमध्ये वाकता आणि सजद्यात जाता. या अवघ्या काही मिनिटांत घोटा, गुडघा, कंबर, खांदा, मनगट आणि बोटे अशा कितीतरी सांध्यांची सेवा आपण घेता. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीनुसार मानवी शरीरात 360 सांधे आहेत आणि रोज सूर्य उगवताच प्रत्येक सांध्याचा एक सदका आपल्यावर देय होतो. दोघांमध्ये न्याय करणे, कोणाला वाहनावर बसण्यास हात देणे, वाटेतला काटा दूर करणे हे सारे सदके होत. चाश्तच्या दोन रकअतही त्यासाठी पुरेशा ठरतात. ज्याने आपल्या हातांचा हा सदका इतरांचे सांधे जागेवर बसवून दिला, अशा एका थोर वैद्याची ओळख करून घेऊ या.

अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अज्-जहरावी यांचा जन्म इ.स. 936 च्या सुमारास अंदलूस म्हणजे आजच्या स्पेनमध्ये झाला. कुर्तुबाजवळ खलीफा तिसरे अब्दुर्रहमान यांनी वसवलेल्या मदीनतुज्जहरा या नगरीवरून त्यांना जहरावी म्हटले जाते. त्यांच्या खासगी जीवनाची माहिती फारच थोडी उरली आहे. त्यांची खरी ओळख आहे ती ‘किताबुत्तसरीफ’ हा 30 भागांचा वैद्यकीय ग्रंथ. इ.स. 1000 च्या सुमारास तो पूर्ण झाला. त्याचा अखेरचा भाग शस्त्रक्रियेचा असून त्यात सुमारे 200 उपकरणांची चित्रे दिलेली आहेत.

या भागाचे तीन विभाग आहेत. पहिला डाग देण्याचा, दुसरा शस्त्राने करावयाच्या उपचारांचा आणि तिसरा मोडलेली हाडे व निखळलेले सांधे यांचा. शस्त्रविद्येची अवनती पाहून जहरावी व्यथित झाले होते. शरीररचना न शिकता लोक शस्त्र हाती घेतात आणि रोग्याचा जीव जातो, हे त्यांनी पाहिले होते. म्हणून शरीररचनेचे ज्ञान ही या विद्येची पहिली पायरी आहे, असा त्यांचा आग्रह होता.

खांद्याचेच पाहा. हा उखळीचा सांधा आहे. परंतु दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि खांद्याची उखळी उथळ आहे. म्हणूनच हात चोहोबाजूंना फिरतो आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत खांदाच सर्वाधिक निखळतो. त्याउलट मांडीची उखळी खोल असल्याने तिथला सांधा निखळायला फार मोठा आघात लागतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा वाकतो. त्याला आतून एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध धरून ठेवतात आणि हाडांमध्ये कूर्चेच्या गाद्या असतात. पाय जमिनीत रुतलेला असताना अंग वळले की हेच बंध तुटतात, या गाद्या फाटतात.

निखळलेला खांदा ओळखण्यासाठी दोन्ही खांदे ताडून पाहावेत, असे जहरावी शिकवतात. निखळलेल्या बाजूला वर पोकळी दिसते आणि हाडाचा माथा काखेत बोटांना लागतो. सांधा लवकर बसवावा, कारण उशीर झाला की सूज चढते आणि काम अवघड होते. मात्र सूज चढलीच असेल तर ओढाताण करू नये, ती उतरू द्यावी, अशी त्यांची ताकीद आहे. बांधलेली पट्टी रोग्याला त्रास देऊ लागली तर ती सैल करावी, हेही ते सांगतात.

इ.स. 1010 मध्ये यादवीत मदीनतुज्जहरा उद्ध्वस्त झाली आणि 1013 च्या सुमारास जहरावींचे निधन झाले. नगरी मातीत गेली, ग्रंथ मात्र उरला. बाराव्या शतकात तुलैतुला येथे क्रेमोनाच्या जेरार्ड यांनी त्यातील शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये आणला आणि पुढे कित्येक शतके युरोपातील शल्यवैद्य त्यावर विसंबून राहिले.

वाचकहो, हे चरित्र आपल्या दारापर्यंत येते. सांगोल्याच्या परिसरात जत्रेच्या फडात पैलवानाचा खांदा निखळतो, मोटारसायकल घसरून तरुणाचा गुडघा सुजतो, ओल्या फरशीवर आजीचे मनगट मोडते. मग कोणीतरी तेल लावून रगडतो, दुसरा हिसका देतो, तिसरा कामट्या करकचून बांधतो. आत हाड मोडले आहे की केवळ सांधा सरकला आहे, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. हिसक्याने शीर किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते. घट्ट बांधल्यावर बोटे गार, निळी किंवा बधिर पडली तर तो हात कायमचा जाण्याचा धोका असतो. अशा वेळी बंध तत्काळ सैल करून रुग्णालय गाठावे. एरवीही चोळू नये. अवयवाला आधार द्यावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.

अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातील शिकवणीनुसार, वैद्यक अवगत नसताना जो उपचार करतो तो झालेल्या हानीला जबाबदार असतो. सद्हेतू असला तरी ही जबाबदारी टळत नाही. शरीर ही अल्लाहची अमानत आहे आणि दुसऱ्याचे शरीर तर दुहेरी अमानत. ज्याला उभे राहणे अशक्य आहे त्याने बसून, तेही न जमल्यास कुशीवर पडून नमाज अदा करावी, ही सवलत शरीअतने दिलीच आहे. दुखऱ्या गुडघ्यावर हट्टाने भार टाकणे म्हणजे धर्मनिष्ठा नव्हे.

जहरावींना ज्ञानाशिवाय हात लावणे हा अपराध वाटत असे. आपल्याला ज्ञान नसेल तर जखमी माणसाला जाणत्याकडे वेळेवर पोहोचवणे, हाच आपल्या सांध्यांचा त्या दिवसाचा सदका.