‘विसरून जा’ न म्हणणारा डॉक्टर

ब्रेकअप झालं, डोळ्यांसमोर अॅक्सिडेंट झाला, घरातलं कुणी अचानक गेलं, की आपण मित्राला काय सांगतो? विसर यार, मूव्ह ऑन कर. हेतू चांगलाच असतो. पण हाच सल्ला काही जणांना जास्त आजारी पाडतोय, हे शंभरेक वर्षांपूर्वी एका डॉक्टरच्या लक्षात आलं. त्यांचं नाव विल्यम रिव्हर्स.

जन्म १८६४ चा, इंग्लंडमधल्या केंटचा. वडील तोतरेपणावर उपचार करायचे आणि मुलगा मात्र स्वतःच अडखळत बोलायचा! ती अडखळण पुढेही पूर्ण गेली नाही. तरी १८८६ मध्ये, म्हणजे माझ्याच वयात, बाविसाव्या वर्षी ते डॉक्टर झाले. नंतर केंब्रिजमध्ये मानसशास्त्र शिकवलं. १९०१-०२ मध्ये थेट आपल्याकडे, निलगिरीच्या डोंगरात आले. तिथल्या तोडा लोकांमध्ये राहून त्यांनी घराघरांच्या वंशावळी लिहून घेतल्या आणि १९०६ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक काढलं. समोरच्याचं शांतपणे ऐकून घ्यायची सवय पुढे कामी आली.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं. खंदकांतून परतलेले धडधाकट जवान थरथरायला लागले. कुणाची वाचाच गेली, कुणाला झोप येईना. याला नाव पडलं शेल शॉक. अनेकांना ते नाटक वाटायचं. बोलता न येणाऱ्या काही सैनिकांना विजेचे झटके देऊन बोलतं केलं गेलं. पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली कित्येकांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यातल्या ३०६ जणांना ब्रिटन सरकारनं माफी दिली, तीही २००६ मध्ये!

रिव्हर्स १९१६ मध्ये एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट हॉस्पिटलमध्ये आले. इथे येणाऱ्या अधिकाऱ्यांना सगळ्यांनी सांगितलेलं असायचं की युद्धाचा विषयच डोक्यातून काढून टाका. ते बिचारे दिवसभर आठवणी दाबायचे आणि रात्री त्याच आठवणी स्वप्नात येऊन त्यांना घामाघूम करायच्या. रिव्हर्स म्हणायचे, आठवणींपासून पळू नका आणि दिवसभर त्यातच बुडूनही राहू नका. थोडा वेळ त्याबद्दल विचार करा, बोला.

एका अधिकाऱ्यानं स्फोटात चिंधड्या झालेल्या मित्राचा देह पाहिला होता. तो मित्र क्षणात गेला असणार, त्याला वेदना झाल्या नसणार, हे रिव्हर्सनी त्याच्या लक्षात आणून दिलं. हळूहळू त्याची स्वप्नं बदलली. स्वप्नात तो मित्राशी बोलू लागला. दुसऱ्या एकाचा अनुभव मात्र इतका भयंकर होता की त्यात धरून ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. तिथे ही पद्धत चालली नाही. रिव्हर्सनी ते लपवलं नाही. डिसेंबर १९१७ मध्ये डॉक्टरांसमोर वाचलेल्या निबंधात त्यांनी हा पेशंटही मांडला.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध पेशंट म्हणजे कवी सिगफ्रीड ससून. युद्ध उगाच लांबवलं जातंय, असं जाहीर पत्रक काढल्यावर १९१७ मध्ये त्याला इथे पाठवलं गेलं. खरं तर तो आजारी नव्हताच. पण त्याला आघाडीवर परत पाठवणं हे रिव्हर्सचं काम होतं. म्हणजे बरं करायचं ते पुन्हा मरणाच्या तोंडी पाठवायला! ससूनचं ऐकून आपलंच मत बदललं तर, ही धास्ती त्यांच्या स्वप्नातही आली. शेवटी ससून स्वतःहून परत गेला. डोक्याला गोळी लागली, पण वाचला.

युद्धानंतर रिव्हर्स केंब्रिजला परतले. १९२२ मध्ये लेबर पक्षातर्फे निवडणुकीला उभे राहिले, पण मतदानाआधीच, ४ जूनला, हर्नियाच्या अचानक उद्भवलेल्या त्रासानं गेले. वय फक्त ५८.

पीटीएसडी हे नाव अमेरिकेच्या मानसोपचार सूचीत आलं १९८० मध्ये. आज ट्रॉमावरच्या अनेक थेरपींमध्ये प्रशिक्षित थेरपिस्टच्या मदतीनं, हळूहळू, त्या आठवणीकडेच जायला शिकवतात.

म्हणून पुढच्या वेळी मित्र काही सांगायला लागला तर विषय बदलू नका. तो बोलत नसेल तर उकरूही नका, फक्त सोबत बसा. आणि झोप उडाली असेल, रोजची कामंही होत नसतील, तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फ्री आहे, मराठीतही बोलता येतं.