डॉ. होमी भाभा

आमच्या शीळफाट्यापासून ट्रॉम्बे फार दूर नाही. मुंबईत १९०९ साली जन्मलेले व केंब्रिज येथे शिकलेले डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली तेथे १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. अणुशक्ती रोग्यांच्याही कामी यावी म्हणून १९६३ साली परळ येथे किरणोत्सारी औषधोपचाराचे केंद्र निघाले. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोषते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन देऊन कर्करोगाच्या उरलेल्या पेशी नष्ट करता येतात. तत्पूर्वी हार्मोनच्या गोळ्या काही आठवडे थांबविल्यास रोगी फार थकतो. हे टाळणाऱ्या इंजेक्शनाचा गुण अधिक काळ टिकावा, अशी खटपट शास्त्रज्ञांनी आरंभिली आहे. भाभा १९६६ साली विमान-अपघातात निवर्तले. विद्यार्थ्यांनो, परदुःख हलके करण्यातच विद्येचे सार्थक आहे, असे आम्हांस वाटते.