विश्लेषण : लंडनचा मैला शहराबाहेर गेला, पण थेम्सच्या खाडीत का अडकला? जोसेफ बॅझलजेट यांनी काय केले?

लंडनच्या थेम्स नदीखाली बांधलेला २५ किलोमीटर लांबीचा 'टाइडवे' बोगदा २०२५ मध्ये पूर्णपणे सुरू झाला. पावसात नदीत मिसळणारे मैलापाणी अडवणे हे त्याचे काम. ज्या गटारव्यवस्थेला हा बोगदा जोडला गेला, ती दीडशे वर्षांपूर्वी जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने उभारली होती. त्यांनी लंडन शहर वाचवले, मात्र थेम्सची खाडी वाचायला वेगळे विज्ञान लागले.

बॅझलजेट कोण होते?

जोसेफ बॅझलजेट यांचा जन्म १८१९ मध्ये लंडनजवळच्या एनफिल्ड येथे झाला. घराण्याचे मूळ फ्रेंच. तरुणपणी त्यांनी आयर्लंडमध्ये जमिनीचा निचरा आणि भराव घालण्याची कामे शिकून घेतली. पुढे लंडनमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. रेल्वे बांधणीच्या लाटेत कामाचा ताण इतका वाढला की १८४७ मध्ये त्यांची प्रकृती पार ढासळली. त्यातून सावरल्यावर १८४९ मध्ये ते लंडनच्या गटार आयोगात सहायक म्हणून रुजू झाले. १८५६ मध्ये शहरासाठी नवे बांधकाम मंडळ नेमले गेले आणि बॅझलजेट त्याचे मुख्य अभियंता झाले.

थेम्स इतकी का बिघडली?

पूर्वी लंडनमधील घरांखाली मैल्याचे खड्डे असत. ते उपसून मैला शेतात नेला जाई. पाण्याने साफ होणारी शौचालये आल्यावर हे खड्डे भरून वाहू लागले. मग १८४० च्या दशकाच्या अखेरीस खड्डे बंद करून घरे गटारांना जोडण्याचा सपाटा सुरू झाला. घरे स्वच्छ झाली, पण मैला थेट नदीत गेला आणि त्याच नदीचे पाणी काही कंपन्या लोकांना प्यायला पुरवत होत्या. १८४८-४९ च्या कॉलऱ्याच्या साथीत लंडनमध्ये १४ हजारांहून अधिक लोक दगावले. १८५५ मध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे यांनी बोटीतून जाताना पांढऱ्या कार्डाचे तुकडे नदीत टाकून पाहिले. पृष्ठभागाखाली इंचभर जाताच ते दिसेनासे होत होते.

'ग्रेट स्टिंक' म्हणजे काय?

१८५८ चा जून महिना कडक उन्हाचा होता. नदीतला मैला कुजून दुर्गंधी सुटली. नदीकाठच्या संसदेत बसणेही कठीण झाले. खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगावे लागले. वर्षानुवर्षे खर्चावरून रखडलेला प्रश्न मग काही आठवड्यांत सुटला. ऑगस्टच्या सुरुवातीला कायदा झाला आणि बॅझलजेट यांच्या आराखड्यासाठी ३० लाख पौंडांची सोय झाली.

योजना नेमकी काय होती?

जुनी गटारे उत्तर-दक्षिण वाहत नदीला मिळत. बॅझलजेट यांनी नदीला समांतर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारी मोठी भुयारी गटारे आखली. ही गटारे मैलापाणी वाटेतच अडवून शहराबाहेर नेणार होती. दर मैलाला किमान दोन फूट उतार ठेवला, म्हणजे पाणी आपोआप वाहील. सखल भागात ते वाफेच्या पंपांनी उचलावे लागे. मुख्य गटारांची लांबी सुमारे १३२ किलोमीटर होती. संपूर्ण कामाला ३१ कोटींहून अधिक विटा लागल्या. तेव्हा नवख्या असलेल्या पोर्टलँड सिमेंटचा वापर त्यांनी तपासण्या करूनच होऊ दिला. नदीकाठी भराव घालून बांधलेल्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटच्या पोटात गटार आणि भुयारी रेल्वे, तर वर रस्ता आहे.

कॉलरा थांबला का?

हो, पण कारण वेगळे होते. दुर्गंधीयुक्त हवेमुळे कॉलरा होतो, असे तेव्हाच्या बहुतेकांप्रमाणे बॅझलजेट यांनाही वाटे. कॉलरा पाण्यातून पसरतो हे सांगणारे डॉ. जॉन स्नो 'ग्रेट स्टिंक'च्याच महिन्यात वारले. १८६६ मध्ये लंडनमध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा मुख्य तडाखा पूर्व भागाला बसला. तिथली गटारे अजून नव्या व्यवस्थेला जोडलेली नव्हती आणि पिण्याचे पाणी दूषित झाले होते. स्नो यांचे म्हणणे खरे ठरले. गटारे बांधली गेली ती दुर्गंधी घालवण्यासाठी, पण त्यांनी पाणी वाचवले आणि म्हणून माणसे वाचली. लंडनमध्ये कॉलऱ्याची ती शेवटची मोठी साथ ठरली.

मग खाडीत काय चुकले?

सगळे मैलापाणी उत्तर काठावर बेक्टन आणि दक्षिण काठावर क्रॉसनेस येथे आणले जाई. टाक्यांत साठवून ते भरतीच्या वेळी, ओहोटी लागण्याच्या सुमारास नदीत सोडले जाई. ओहोटी ते समुद्रात नेईल, असा हिशेब होता. मैलापाणी समुद्राच्या आणखी जवळ सोडावे ही सूचना खर्चामुळे मागे पडली होती.

पण खाडीतले पाणी नळासारखे एकाच दिशेने वाहत नाही. ओहोटीने खाली नेलेले पाणी पुढची भरती जवळजवळ तेवढेच परत वर आणते. खाडीतली घाण समुद्राकडे किती सरकेल हे वरून येणाऱ्या गोड्या पाण्यावर ठरते आणि उन्हाळ्यात तेच कमी असते. त्यामुळे मैला दिवसेंदिवस तिथेच हेलकावत राहिला. तो कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवत होते. गाळाचे थर साचल्याच्या तक्रारी झाल्या, पण मंडळाने आणि बॅझलजेट यांनी दोष मान्य केला नाही.

३ सप्टेंबर १८७८ रोजी 'प्रिन्सेस अॅलिस' ही प्रवासी बोट याच पट्ट्यात दुसऱ्या जहाजाला धडकून बुडाली आणि सहाशेहून अधिक जण मृत्युमुखी पडले. त्याआधी काही वेळच मैलापाणी सोडले गेले होते. पाण्याच्या त्या अवस्थेवरून मोठा गदारोळ झाला.

तोडगा कसा निघाला?

१८८२ मध्ये शाही आयोग नेमला गेला. १८८४ मध्ये त्याने घन मैला पाण्यातून वेगळा करण्यास सांगितले. मंडळाचे रसायनतज्ज्ञ विल्यम डिबडिन यांनी चुना आणि लोहाचे क्षार घालून मैला तळाशी बसवण्याची पद्धत राबवली. त्यासाठीच्या टाक्या बॅझलजेट यांच्याच देखरेखीखाली बांधल्या जाऊ लागल्या. साका जहाजांतून भर समुद्रात टाकला जाई. १८८७ मधील अशा पहिल्या जहाजाचे नाव होते 'बॅझलजेट'. मैला शुद्ध करण्याचे खरे काम जिवाणूच करतात, त्यांना मारू नये तर प्राणवायू द्यावा, हा डिबडिन यांचा विचार पुढे जगभरच्या शुद्धीकरण प्रकल्पांचा पाया झाला. बॅझलजेट १८९१ मध्ये वारले. त्यानंतरच्या वर्षांत खाडीत मासे परतू लागले.

पुढे काय झाले?

शहर वाढत गेले आणि शुद्धीकरण मागे पडले. १९५७ मध्ये लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाने थेम्सचा भरती-ओहोटीचा पट्टा जैविकदृष्ट्या मृत ठरवला. मग प्राणवायूचे प्रमाण सतत मोजत बेक्टन आणि क्रॉसनेसचे प्रकल्प सुधारले गेले. १९७४ मध्ये खाडीत पुन्हा सॅमन मासा सापडला. साका समुद्रात टाकणे मात्र १९९८ मध्ये थांबले.

बॅझलजेट यांची गटारे आजही वापरात आहेत. मैला आणि पावसाचे पाणी एकत्र वाहत असल्याने जोराच्या पावसात ती ओसंडतात आणि जादा पाणी नदीत जाते. टाइडवे बोगदा हेच पाणी साठवून बेक्टनला शुद्धीकरणासाठी पाठवतो. मैला पुढे ढकलून खाडी स्वच्छ होत नाही, तो पाण्यात जाण्याआधीच शुद्ध करावा लागतो, हे थेम्सने १८८० च्या दशकातच दाखवून दिले होते. भरती-ओहोटीच्या काठावर वसलेल्या प्रत्येक शहराला हा हिशेब कधी ना कधी मांडावाच लागतो.