रिकाम्या चौकटी मांडणारा रसायनतज्ज्ञ

शाळेच्या प्रयोगशाळेतील भिंतीवर टांगलेला मूलद्रव्यांचा तक्ता पाहिला नाही, असा विद्यार्थी विरळाच. आज त्यात ११८ मूलद्रव्ये आहेत. १८६९ साली ज्या रशियन प्राध्यापकाने त्याची पहिली मांडणी केली, त्याच्यापुढे मात्र अवघी ६३ मूलद्रव्ये होती आणि त्यांतील कित्येकांचे अणुभार चुकीचे होते.

दिमित्री इवानोविच मेंडेलीव्ह यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८३४ रोजी सायबेरियातील तोबोल्स्क येथे झाला. अनेक भावंडांतील हे सर्वांत धाकटे अपत्य. त्याच वर्षी मुख्याध्यापक असलेल्या वडिलांची दृष्टी गेली. आई मारिया हिने माहेरचा काचेचा कारखाना चालवून संसार सावरला. १८४७ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी कारखाना आगीत भस्मसात झाला. तरीही ही माउली खचली नाही. धाकट्या मुलाच्या शिक्षणासाठी तिने सुमारे दोन हजार किलोमीटरचा प्रवास करून मॉस्को गाठले. तेथील विद्यापीठाने सायबेरियाच्या मुलाला दार उघडले नाही. मग सेंट पीटर्सबर्ग. १८५० मध्ये तेथील अध्यापन संस्थेत दिमित्रीला प्रवेश मिळाला आणि काही आठवड्यांतच आईने जगाचा निरोप घेतला. पुढे १८८७ मध्ये द्रावणांवरील आपला ग्रंथ मेंडेलीव्ह यांनी तिच्याच स्मृतीस अर्पण केला.

उच्च संशोधनासाठी ते जर्मनीत असताना १८६० मध्ये कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. इटलीच्या कॅनिझारो यांनी अणुभार ठरविण्याची सुसंगत पद्धत तेथे आग्रहाने पुढे ठेवली. अणुभारांविषयी एकवाक्यता नसती, तर त्यांच्या क्रमाने मूलद्रव्ये मांडण्याचा विचारच निरर्थक ठरला असता.

आवर्तसारणीचा जन्म मात्र एका पाठ्यपुस्तकाच्या अडचणीतून झाला. पीटर्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर मेंडेलीव्ह विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचा ग्रंथ लिहीत होते. पहिल्या भागात मोजकीच मूलद्रव्ये आटोपली; उरलेली पन्नासाहून अधिक कोणत्या क्रमाने घ्यावीत, हा प्रश्न उभा राहिला. रशियाच्या जुन्या पंचांगानुसार १७ फेब्रुवारी १८६९ रोजी, एका पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी आकडेमोड आरंभली. ते पत्र चीज बनविणाऱ्या केंद्रांच्या पाहणीबाबतचे होते! ही मांडणी त्यांना स्वप्नात दिसली, अशी आख्यायिका आवडीने सांगितली जाते. पण त्यामागे वर्षानुवर्षांचे श्रम होते, हे विसरता कामा नये.

अणुभारांच्या चढत्या क्रमाने मूलद्रव्ये लावली, की ठराविक अंतराने सारखे गुणधर्म पुन्हा दिसू लागतात. हे इतरांनाही जाणवले होते. इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी १८६५ मध्ये सप्तसुरांशी तुलना केली, तेव्हा त्यांची थट्टा झाली. जर्मनीचे लोथर मेयर तर मेंडेलीव्ह यांच्या अगदी जवळ पोहोचले होते. मेंडेलीव्ह यांचे वेगळेपण त्यांच्या धाडसात आहे. गुणधर्म जुळेनात, तेव्हा त्यांनी युरेनिअमचा अणुभार १२०वरून दुप्पट करून २४० मानला. टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड असूनही त्याला आधीची जागा दिली. आणि जेथे योग्य मूलद्रव्यच सापडेना, तेथे चौकट रिकामी सोडली.

१८७१ मध्ये अशा तीन अज्ञात मूलद्रव्यांचे गुणधर्मही त्यांनी वर्तविले. त्यांना नावे दिली एका-बोरॉन, एका-अॅल्युमिनिअम आणि एका-सिलिकॉन. हे ‘एक’ म्हणजे संस्कृतमधील संख्यावाचक शब्द. रिकाम्या जागेच्या वरच्या मूलद्रव्यापासून एक घर पुढे, एवढाच त्याचा अर्थ. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्रां यांना गॅलिअम सापडले. त्याची घनता त्यांनी ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी तो धातू पाहिलाही नव्हता, पण घनता ५.९ च्या आसपास असली पाहिजे, असे त्यांनी कळविले. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला, तेव्हा उत्तर ५.९ आले. १८७९ मध्ये स्कँडिअम आणि १८८६ मध्ये जर्मेनिअमही मिळाले. टीकाकारांचा आवाज क्षीण झाला.

मायदेशी मात्र त्यांच्या वाट्याला उपेक्षाही आली. १८८० मध्ये राजेशाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व नाकारले. १८९० मध्ये विद्यार्थ्यांचे निवेदन शिक्षणमंत्र्यांकडे नेल्याबद्दल अवमान वाट्याला आला आणि त्यांनी विद्यापीठ सोडले. १८९३ पासून वजने-मापे कार्यालयाचे प्रमुख म्हणून त्यांनी रशियात मेट्रिक पद्धतीचा पाया घातला. १९०६ च्या नोबेलसाठी समितीने त्यांची शिफारस केली होती, पण स्वीडिश विज्ञान अकादमीने फ्रान्सच्या म्वासां यांना पसंती दिली.

त्यांचे सगळेच अंदाज खरे ठरले असेही नाही. हायड्रोजनहून हलक्या मूलद्रव्यांची त्यांची कल्पना फोल ठरली आणि किरणोत्सर्गात अणू बदलतो, हे त्यांना अखेरपर्यंत पटले नाही. २ फेब्रुवारी १९०७ रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत विद्यार्थ्यांनी आवर्तसारणीचा भला मोठा तक्ता उंच धरला होता. टेल्युरिअम आयोडीनच्या आधीच का, याचे कारण १९१३ मध्ये मोजली यांच्या क्ष-किरणांच्या प्रयोगांनी दिले: खरा क्रम अणुभाराचा नसून अणुअंकाचा होता. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्कले येथे १०१ वे मूलद्रव्य तयार झाले, त्याला मेंडेलेव्हिअम हे नाव मिळाले.