पैठणीच्या रेशमामागचे पाश्चर

येवल्याच्या पैठणीचे रेशीम ज्या दक्षतेवर उभे आहे, तिचे श्रेय लुई पाश्चर यांना जाते. फ्रान्समध्ये १८२२ साली जन्मलेले हे रसायनशास्त्रज्ञ १८६५ मध्ये रेशीमकिड्यांवरील पेब्रिन रोगाच्या शोधार्थ आलेस येथे गेले. वर्षभरातच वडील व दोन मुली त्यांना अंतरल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावे अंग लुळे पडले. तरीही कार्य थांबले नाही. आज नोसेमा म्हणून ओळखला जाणारा सूक्ष्म परजीवी मादीकडून अंड्यांत उतरतो. म्हणून अंडी घातलेली मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी आणि ती रोगट आढळल्यास अंडीपुंज नष्ट करावा, ही पद्धत त्यांनी रुजविली. १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. तुतीच्या रेशीमकिड्यांप्रमाणेच विदर्भातील रानच्या टसर पतंगांची परीक्षाही आज याच पद्धतीने होते.