ज्ञानकोशकार केतकर

सेमिनार रिपोर्ट जवळ आला की आपण काय करतो? नेटवरून चार ठिकाणचं उचलायचं, फॉन्ट एकसारखा करायचा, की झालं! मीही तेच करतो. पण घोटावडे फाट्यावरून बस धरली की ज्या पुण्यात आपण उतरतो, तिथेच एका माणसाने जगभरचं ज्ञान गोळा करण्यात उमेदीची बारा वर्षं घातली.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूरला झाला. शाळा अमरावतीला, कॉलेज मुंबईचं विल्सन. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले. हिंदुस्थानातील जातिसंस्थेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये निघाला, तेव्हा ते फक्त पंचवीस वर्षांचे होते. १९११ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. परत आल्यावर काही काळ कलकत्ता विद्यापीठात शिकवलं. तिथेच राहिले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं.

पण डोक्यात ज्ञानकोश होता. सरकारी मदतीची वाट न बघता त्यांनी १९१६ च्या सुमारास नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली. भाग विकायचे, वर्गणीदार मिळवायचे आणि त्यातून पुस्तक छापायचं. पुढे हे सगळं बिऱ्हाड पुण्याला आलं.

इंग्रजी विश्वकोश समोर ठेवून भाषांतर करणं सोपं होतं. पण तो इंग्रजांनी आपल्या वाचकांसाठी लिहिलेला. त्यात आपली गावं, आपले ग्रंथकार, आपल्या जातीजमाती यांना जागा ती किती असणार? म्हणून परक्या विषयांची माहिती आटोपशीर करून घ्यायची आणि आपल्याकडच्या विषयांवर नव्याने लिहून घ्यायचं, असं काम चाललं. तयार मजकूर वापरताना आपला वाचक कोण, हा प्रश्न आधी. आपण रिपोर्ट करताना नेमका हाच विसरतो!

एकूण तेवीस खंड झाले. पहिले पाच नुसत्या प्रस्तावनेचे! 'अ' कधी येतो याची वाट बघत वर्गणीदारांना पाच जाडजूड खंड घ्यावे लागले, हे माझ्या मते जरा अतीच. तरी पाचवा, विज्ञानेतिहासाचा, इंजिनिअरिंगवाल्यांनी एकदा चाळावाच. सहाव्यापासून अकारविल्हे लेख सुरू होतात. बाविसावा खंड सूचीचा. हवी असलेली गोष्ट पुष्कळदा भलत्याच लेखात दडलेली असते, ती कुठे सापडेल ते सूची सांगते. सर्च बॉक्स नसलेल्या काळात हे हाताने करायचं म्हणजे काय, विचार करा.

या धावपळीत १९२० मध्ये त्यांनी एडिथ कोहन या ज्यू तरुणीशी लग्न केलं. त्या शीलवती केतकर झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचं इंग्रजी भाषांतर त्यांचंच.

केतकरांनी 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबऱ्याही लिहिल्या. १९३१ मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. मानसन्मान मिळाला, पण पैशाची ओढाताण काही सुटली नाही. १० एप्रिल १९३७ रोजी, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, पुण्यात ते वारले.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी तोवर महाराष्ट्र शब्दकोशाचं काम हाती घेतलं होतं. तो सात खंडांचा झाला. पुढे याच दोघांनी सुलभ विश्वकोशही काढला.