हकीम इब्न सिना आणि मधाची पारख

हकीम इब्न सिना यांचा जन्म इ.स. 980 च्या सुमारास बुखाऱ्याजवळच्या अफशाना गावचा. दहाव्या वर्षी कुरआन पाठ झाले. हिशेब शिकायला वडिलांनी त्यांना एका भाजीवाल्याकडे धाडले, कारण त्याला हिंदी, म्हणजे आपल्याकडची, अंकपद्धती येत होती. ऐन तारुण्यात त्यांनी अमीर नूह बिन मन्सूर यांच्यावर उपचार केले आणि परवानगी मागितली ती शाही ग्रंथालयात बसून वाचण्याची.

पुढचे आयुष्य पळापळीचे. हमदानला वजीर झाले, तर बिथरलेल्या सैनिकांनी घर लुटले. मग चार महिने किल्ल्यात कैद. शेवटी सूफी फकिराच्या वेशात इस्फहान गाठले. या दगदगीतच ‘अल-कानून’ हा पाच भागांचा वैद्यकग्रंथ पुरा झाला.

त्याच्या दुसऱ्या भागातल्या औषधांत मध आहे. घाण साचलेल्या खोल जखमा तो साफ करतो, अशी नोंद आहे. जंतू तेव्हा कुणी पाहिलेच नव्हते. आज कारण सांगता येते. मधात सुमारे 80 टक्के साखर आणि जेमतेम 18 टक्के पाणी, त्यामुळे तो जंतूंमधले पाणी ओढून घेतो. तो आम्लही असतो. शिवाय मधमाशीने मिसळलेले एक विकर, जखमेच्या ओलाव्याने मध पातळ झाला की थोडे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. जखम धुताना फेसाळणारे औषध ते हेच.

मला मात्र त्याच भागातले औषध पारखण्याचे नियम अधिक मोलाचे वाटतात. औषध निर्भेळ हवे, आजार एकच हवा, गुण वारंवार दिसावा आणि चाचणी माणसावरच व्हावी. ही पारख आपल्या शेजारीच झाली. सोलापूरचे डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये भाजलेल्या 104 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध, निम्म्यांना नेहमीचे सिल्व्हर सल्फाडायझीन. मध लावलेल्या जखमा लवकर निर्जंतुक झाल्या. पुढे सांगली-मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे काम चालले. अर्थात जखमेसाठीचा वैद्यकीय मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. महाबळेश्वरची बाटली कितीही अस्सल असो, ती इफ्तारच्या ताटासाठी; डॉक्टरांना विचारल्याशिवाय जखमेवर नको. वर्षाच्या आतल्या बाळाला तर बोटभरही चाटवू नये, त्यात घातक जिवाणूंची बीजे असू शकतात.

खुद्द हकीमसाहेबांचे औषधाचे प्रमाण मात्र चुकले. पोटशूळ उठला, बरे होण्याची घाई होती, म्हणून एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतड्यांना जखमा झाल्या. त्यात औषध करणाऱ्याने अजमोद्याचे बी दोन दानकांऐवजी पाच दिरहम घातले. हमदानला पोहोचल्यावर त्यांनी औषधे बंद केली, संपत्ती गरिबांत वाटली, गुलामांना मुक्त केले आणि दर तीन दिवसांनी एक कुरआन पूर्ण करू लागले. हिजरी 428, म्हणजे 1037 च्या रमजानमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर हमदानलाच आहे.